खिडकी कुणाची?

(स्त्री-कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात ‘तंत्रज्ञान आणि आपण’ या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर.)

बचत गट, रेशनकार्डं, पोटगीचे अर्ज यांत गळ्यापर्यंत बुडालेली ही बाई आज कॉम्प्युटरच्या इतिहासावर बोलणार, हे वाचून तुमच्यातल्या काहींच्या कपाळावर आठ्या आल्या असतील. मी संगणकतज्ज्ञ नाही. एम.एस.डब्ल्यू.ला असताना आम्हाला जे काही शिकवलं त्यात संगणक कुठेच नव्हता. मी या विषयाकडे कशी वळले ते आधी सांगते.

आमच्या केंद्रात बायकांसाठी संगणकाचा वर्ग चालतो. पहिला दिवस सगळा माऊस हातात बसवण्यात जातो. कुणी तो टेबलावरून उचलून हवेत फिरवतं, कुणी थेट पडद्याला टेकवतं. हसू नका, मीही तेच केलं होतं. एकदा घरकाम करणाऱ्या एका ताईंनी, बाण जमल्याच्या आनंदात, विचारलं, “ही युक्ती काढली कुणी?” शिकवणारा मुलगा म्हणाला, स्टीव्ह जॉब्जनी. मागून त्याचा मित्र म्हणाला, छे, बिल गेट्सनी. दोघांची जुंपली. ताई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “दोघं भांडतायत ना, म्हणजे जमीन तिसऱ्याचीच असणार.”

ताईंचं खरं होतं. म्हणून मी वाचायला लागले, आणि जे सापडलं ते आपल्या कामाच्या इतकं जवळचं निघालं की आज इथे उभी आहे.

पूर्वी कॉम्प्युटरशी बोलायचं म्हणजे ठरावीक हुकूम पाठ करून टाइप करावे लागत. पडद्यावर खिडक्या, चित्रं, बाण, कागदासारखं पान असं काही नव्हतं. आज मोबाईलवर बोटाने आपण जे करतो त्याची पाळंमुळं या पडद्यावरच्या मांडणीत आहेत. ती कुणाची, यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. प्रसिद्ध आहे ती गोष्ट अशी. झेरॉक्स कंपनीच्या (हो, जिच्या नावाने आपण ‘दोन झेरॉक्स काढून आण’ म्हणतो तीच) कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोच्या प्रयोगशाळेत, म्हणजे झेरॉक्स पार्कमध्ये, हे सगळं तयार पडलं होतं. १९७९ च्या डिसेंबरात अॅपलचे स्टीव्ह जॉब्ज तिथे गेले, त्यांनी ते पाहिलं, आणि १९८३ मध्ये लिसा व १९८४ मध्ये मॅकिंतॉश बाजारात आणला. मग मायक्रोसॉफ्टने १९८५ मध्ये विंडोज काढलं. अॅपल म्हणालं, आमचं चोरलं. त्यावर बिल गेट्सनी जॉब्जना सुनावलं म्हणतात, की आपल्या दोघांचा झेरॉक्स नावाचा एक श्रीमंत शेजारी होता, मी त्याच्या घरात टीव्ही चोरायला शिरलो तर तू आधीच तो उचललेला. हा किस्सा मॅकिंतॉशच्या चमूतल्या अँडी हर्ट्झफेल्ड यांनी सांगितलेला आहे.

किस्सा चटकदार आहे. पण मी वाचताना अडखळले ते त्या शेजाऱ्याच्या घरापाशी. त्या घरात राबत कोण होतं?

माऊस काही झेरॉक्सचाही नाही. डग्लस एंगलबार्ट यांच्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतल्या गटात बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये लाकडी खोक्याचा पहिला माऊस घडवला आणि १९६८ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या एका परिषदेत एंगलबार्ट यांनी तो जाहीरपणे चालवून दाखवला. त्याच वर्षी जर्मनीत टेलिफुंकन कंपनीने आपला स्वतंत्र, गोळीवर फिरणारा माऊस विक्रीला काढला होता. पेटंट संस्थेच्या नावावर गेलं, एंगलबार्टना त्याची रॉयल्टी मिळाली नाही. तेव्हा ‘पहिला कोण’ हा प्रश्न ज्यांना लढवायचा त्यांनी लढवावा. मला दुसरंच काही सांगायचंय.

पार्कमध्ये १९७३ मध्ये आल्टो नावाचा संगणक चालू झाला. त्याचा पडदा कागदासारखा उभा, सोबत माऊस. त्यावर मजकूर लिहायला ब्राव्हो नावाचा प्रोग्रॅम केला. तो मोठ्या हुशार माणसांनी केला होता, पण त्यात एक खोच होती. तो एका वेळी एका ‘अवस्थे’त असायचा. लिहायच्या अवस्थेत ‘ई’ दाबलं तर ‘ई’ उमटायचं, हुकमाच्या अवस्थेत ‘ई’ दाबलं तर ‘सगळं निवड’ असा अर्थ व्हायचा. आपण कुठल्या अवस्थेत आहोत हे विसरून कुणी इंग्रजी ‘एडिट’ हा शब्द टाइप केला तर काय व्हावं? ‘ई’ने सगळा मजकूर निवडला जाई, ‘डी’ने तो पुसला जाई, ‘आय’ने नवीन लिहायची तयारी होई, आणि ‘टी’ उमटे. दिवसभराच्या कामाच्या जागी एक ‘टी’! ज्यांनी हे बनवलं ते दिवसभर टायपिंग करणारे नव्हते.

लॅरी टेस्लर नावाच्या संशोधकाला हे खटकत होतं. नुकत्याच कामाला लागलेल्या एका सेक्रेटरीला त्यांनी कोऱ्या पडद्यासमोर बसवलं. हातात खुणा करून दुरुस्त केलेला कागद दिला आणि विचारलं, ही दुरुस्ती पडद्यावर करायची असती तर तू कशी केली असतीस? ती सांगत गेली. इथे शब्द घालायचाय ना, मग इथे बोट दाखवीन आणि टाइप करीन. हा भाग काढायचाय, तर त्याच्यावरून रेघ ओढीन. झालं! आज आपण जे करतो ते हेच. पुढे टेस्लर आणि टिम मॉट यांनी झेरॉक्सच्याच मालकीच्या जिन या पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या प्रकाशन संस्थेत जाऊन तिथे संपादनाचं काम कसं चालतं ते पाहिलं. तिथे कात्रीने ओळी कापून डिंकाने दुसरीकडे चिकटवत. त्यातून जिप्सी नावाचा प्रोग्रॅम झाला आणि ‘कट’ व ‘पेस्ट’ हे शब्द पडद्यावर आले. म्हणजे ‘कट-पेस्ट’ ही एका कचेरीतली रोजची हातचलाखी होती, टेबलावरून पडद्यावर गेलेली. टेस्लरना श्रेय द्यायलाच हवं. त्यांनी विचारलं, आणि विचारलं होतं हे पुढे स्वतः सांगितलंही. विचारणारे थोडेच असतात.

याच्या अगदी उलट चित्र १९७७ च्या नोव्हेंबरात दिसलं. फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथे झेरॉक्सने आपल्या बड्या अधिकाऱ्यांची जागतिक परिषद भरवली. अधिकारी सपत्नीक आलेले. पार्कच्या लोकांनी आल्टो मांडून ठेवले. तिथे हजर असलेले चार्ल्स गेश्की (पुढे अॅडोबी कंपनीचे एक संस्थापक) यांनी नंतर सांगितलंय, की जवळजवळ प्रत्येक जोडप्याचं एकच. साहेब लांब उभे, चेहऱ्यावर शंका. आणि बाई माऊस फिरवण्यात रंगून गेलेल्या. कारण त्यांतल्या कितीतरी जणींनी लग्नाआधी सेक्रेटरीचं काम केलेलं होतं. एक चूक झाली की अख्खं पान पुन्हा टाइप करणं म्हणजे काय, हे त्यांच्या बोटांना माहीत होतं. साहेबांनी आयुष्यात टायपिंग केलेलं नव्हतं, ते दुसऱ्या कुणीतरी करून टेबलावर आणून ठेवायचं.

निर्णय अर्थात साहेबांनी घ्यायचा होता. झेरॉक्सने आल्टो कधी बाजारात मांडलाच नाही. १९८१ मध्ये स्टार नावाचा त्याचा वारस विक्रीला काढला तो १६,५९५ डॉलरला, आणि तो एकटा घेऊन भागत नसे. तीन वर्षांनी मॅकिंतॉश आला २,४९५ डॉलरला. झेरॉक्सच्या हातून हे सगळं का निसटलं यावर जाडजाड पुस्तकं आहेत. बोका रॅटनमध्ये बायकांना विचारलं असतं तर बरीच पानं वाचली असती, असं मला आपलं वाटतं.

आता डायना मेरी. पार्कमध्ये तिची नेमणूक सेक्रेटरी म्हणून झाली होती. तिथेच ती प्रोग्रॅमिंग शिकली आणि अॅलन के यांच्या गटात स्मॉलटॉक नावाची संगणकाची भाषा घडवणाऱ्यांतली एक झाली. तिचं काम समजायला आपली ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांपुढे आणा. पडदा म्हणजे हजारो ठिपके. त्यावर एक चौकोन काढलाय आणि तो हातभर उजवीकडे सरकवायचाय, तर ठिपकान् ठिपका पुसून पुन्हा घालायचा? दिवस जाईल. डॅन इंगल्स आणि डायना मेरी यांनी मिळून अशी रीत बसवली की ठिपक्यांचा अख्खा तुकडा एका झटक्यात उचलून दुसरीकडे ठेवता येईल. बिटब्लिट म्हणतात त्याला. टेबलावरच्या कागदांसारख्या एकावर एक येणाऱ्या खिडक्या पडद्यावर झरझर उघडाव्यात आणि मिटाव्यात ही गंमत या रीतीमुळे शक्य झाली. अशा खिडक्यांची पहिली व्यवस्था लिहिण्यातही तिचा हात होता. ज्या ‘खिडकी’वरून पुढे वकील तासन् तास भांडले, ती उघडणाऱ्या हातांत एक हात सेक्रेटरी म्हणून नेमलेल्या बाईचा होता. आमच्या वर्गातल्या दोघा मुलांपैकी एकालाही तिचं नाव माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

आणि अॅडेल गोल्डबर्ग. जन्म १९४५ चा, शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट, १९७३ पासून पार्कमध्ये. स्मॉलटॉकवर काम करणाऱ्या गटातली ज्येष्ठ संशोधक. हा गट शाळेतल्या मुलांना बोलावून त्यांच्या हाती संगणक देई. त्यातली एक मुलगी तर शिकून पुढे आपल्या बरोबरीच्या मुलांना शिकवायला लागली. मुलांना जे जमत नाही ते बदलायचं, अशी ती कामाची पद्धत.

१९७९ मध्ये झेरॉक्सला अॅपलचे एक लाख शेअर सुमारे दहा लाख डॉलरला घ्यायची संधी मिळाली, आणि त्या व्यवहारापोटी अॅपलच्या माणसांना पार्कमधलं काम दाखवायचं ठरलं. दाखवायची वेळ आली ती गोल्डबर्ग यांच्या गटावर. त्या नाही म्हणाल्या. १९९६ च्या एका माहितीपटात त्यांनी स्वतः हे सांगितलंय. आपण घरातलं होतं नव्हतं ते सगळं देऊन टाकतोय, असं त्यांनी कंपनीच्या अधिकाऱ्यांना बजावलं, बराच वाद घातला, आणि शेवटी म्हणाल्या की मला तसा हुकूम द्या, तरच दाखवीन. म्हणजे जबाबदारी तुमची. हुकूम आला. त्यांनी दाखवलं.

मैत्रिणींनो, ‘लेखी द्या’ म्हणणारी बाई आपल्याला अनोळखी नाही. अंगणवाडी सेविका म्हणते, नर्स म्हणते, पंचायतीच्या सभेत सही करायला लावलेली सरपंच बाई म्हणते. नाही म्हणायची सत्ता हातात नसते तेव्हा निदान नोंद तरी राहू दे, एवढंच तिला करता येतं.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण गोल्डबर्गना आडवी येणारी, हटवादी बाई करून टाकतात. जणू जॉब्जना भविष्य दिसलं आणि ही दार लावून घेत होती. पण १९८१ च्या ऑगस्टमध्ये बाइट मासिकाचा अंक स्मॉलटॉकलाच वाहिलेला निघाला. त्यात गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी आपलं काम जगासमोर मांडलं, आणि १९८३ मध्ये त्यांनी डेव्हिड रॉबसन यांच्यासह त्यावर पुस्तक लिहिलं. सगळ्यांना सांगायला त्यांची ना नव्हती. बंद खोलीत एका कंपनीला, ज्यांनी केलं त्यांना न विचारता देऊन टाकायला होती. या दोन्हींत फरक आहे, आणि आपल्या संस्थांनाही तो नेहमी कळतोच असं नाही.

मग चोरी झाली का? मला तो शब्द तोकडा वाटतो. झेरॉक्सला शेअर मिळाले. अॅपलच्या लोकांनी पाहिलं त्यात आपलं पुष्कळ घातलं. बिल अॅटकिन्सन यांनी खिडक्या एकमेकींवर रंगवण्याची स्वतःची वेगळी रीत शोधली. तीन बटणांच्या माऊसचं एक बटण झालं, वरची मेनूची पट्टी आली. मॅकिंतॉशचं काम तर जेफ रॅस्किन यांनी त्या भेटीच्या आधीच सुरू केलं होतं. मॅकवर सगळे प्रोग्रॅम सारखे कसे वागतील याच्या नियमांचा पहिला मसुदा जोआना हॉफमन यांचा. शिवाय माणसंच इकडून तिकडे गेली. टेस्लर १९८० मध्ये अॅपलमध्ये, ब्राव्होवाले चार्ल्स सिमोनी १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये. विचार असे डोक्यात बसून जातात, त्यांची पावती फाडता येत नाही.

कोर्टाने पावती मागितलीच. १९८८ मध्ये अॅपलने मायक्रोसॉफ्टवर दावा लावला. डिसेंबर १९८९ मध्ये झेरॉक्सला जाग आली आणि त्यांनी अॅपलवर लावला. तो १९९० मध्ये जवळजवळ पूर्ण फेटाळला गेला. अॅपलच्या दाव्यात १८९ गोष्टींची यादी झाली. त्यातल्या १७९ गोष्टी वापरायची परवानगी अॅपलनेच १९८५ च्या करारात देऊन ठेवलेली निघाली. उरलेल्या दहांवर एकट्याची मालकी चालत नाही, असं ठरलं. १९९४ मध्ये वरच्या कोर्टाने ते उचलून धरलं आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. सात वर्षं. कुठली कंपनी मालक, एवढाच प्रश्न सगळीकडे. ठिपके कुणी हलवले, कोऱ्या पडद्यासमोर बसून कुणी बोट दाखवलं, हा प्रश्न कुठल्याच यादीत नव्हता. कायद्याला तो विचारताच येत नाही.

एक गंमत सांगते. मॅकिंतॉशवरची चित्रं, तो हसरा कॉम्प्युटर, तो बॉम्ब, काढली सुझन केअर या चित्रकर्तीने, चौकटीच्या कागदावर एकेक घर भरत, कशिद्याच्या नमुन्यासारखी. पुढे स्वतंत्रपणे काम करताना १९९० च्या विंडोजमधल्या पत्त्यांच्या डावाचे पत्तेही तिनेच काढले. आपल्याकडच्या कचेऱ्यांत साहेब जेवायला गेले की जे पत्ते उघडत, ते तिचे. दोन कंपन्या कोर्टात भांडत होत्या तेव्हा दोघींच्या पडद्यावर एकाच बाईचा हात होता.

आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्यात मी बचत गटांचं काम बघत होते. गटातल्या बऱ्याच जणींना वाचता येत नव्हतं, त्यामुळे वही सचिवाच्या ताब्यात आणि भांडणं रोज. एका शेतमजूर बाईने सुचवलं की वहीत चित्रं काढा. औषधासाठी कर्ज तर बाटली, बियाण्याला कणीस, शाळेला पाटी. कर्ज घेतलं की गोल काढायचा, फेडत जाल तसा तो भरत जायचा. तिने ते चुलीपुढच्या राखेत बोटाने काढून दाखवलं. चारच महिन्यांत त्या गटातली भांडणं निम्म्याने कमी झाली.

मी ते उचललं. एका प्रशिक्षणात ‘आम्ही विकसित केलेली चित्ररूप नोंदवही’ म्हणून मांडलं. टाळ्या पडल्या. संस्थेने ती छापली, मुखपृष्ठावर संस्थेचं नाव, आत ऋणनिर्देशात माझं. तिचं कुठेच नाही. खोटं सांगत नाही, त्या वेळी माझ्या मनातही आलं नाही. मी ‘आम्ही’ म्हटलं होतं ना, मग त्यात ती आलीच, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या गावच्या मेळाव्यात तिच्या हाती ती छापील वही पडली. माझ्याकडे आली. मला वाटलं, आता रागावेल. ती म्हणाली, “ताई, विचारलं असतंत तर सांगितलं असतं. तो अर्धा गोल आम्ही कधीच सोडला. बायकांना ती चंद्रकोर वाटते, पंधरवड्याचा हिशोब समजतात. आम्ही आता पाव-पाव पोळी काढतो.” छापलेल्या सगळ्या वह्यांमध्ये अर्धा गोल होता. आणि त्या गावोगाव गेल्या होत्या.

नवीन छपाईच्या वेळी मी तिचं नाव घालायचं म्हटलं. तर तिच्याच गटातल्या दोघी म्हणाल्या, पाटीचं चित्र आमचं. तिसरी म्हणाली, राखेत पहिल्यांदा काढलं ते माझ्या सासूने, तीही हिशोब असाच ठेवायची. संस्थेतले म्हणाले, एवढी नावं मुखपृष्ठावर मावणार नाहीत. तीन बैठका झाल्यात. शेवटच्या बैठकीत दीड तास नुसता सासूबाईंवर गेला. अजून ठरलेलं नाही, पण पोळीचं चित्र सगळ्यांनी एकमताने मंजूर केलंय.

त्या वहीचा कच्चा नमुना मी बरोबर आणलाय. चहानंतर आपण गटांत बसू तेव्हा तो समोर ठेवते. मुखपृष्ठ कोरं आहे, पेन्सिलीही आणल्यात.